कॅमेऱ्यावरची टिकली

प्रश्न थोडक्यात: मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. वर्षभरापासून त्याला डिस्टोपियन कादंबऱ्यांचं, म्हणजे बिघडलेल्या समाजांच्या गोष्टींचं, वेड लागलंय. फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसतो. अभ्यासाला बस म्हटलं की ‘शिकून करायचंय काय? नोकऱ्या एआय खाणार आणि मुंबई समुद्र गिळणार’ असं ऐकवतो. वडील सोसायटीचे सेक्रेटरी. जुन्या इमारतीचा रीडेव्हलपमेंटमध्ये टॉवर झाला. मग पार्किंगमधून दोन सायकली गेल्या, गेटबाहेर एका आजींची चेन खेचली गेली, आणि कमिटीने जागोजागी कॅमेरे लावून गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. मुलाने सर्वसाधारण सभेत घुसून सगळ्यांदेखत वडिलांना ‘बिग ब्रदर’ (‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतला, सगळ्यांवर पाळत ठेवणारा हुकूमशहा) म्हटलं. काही दिवसांनी लॉबीतल्या कॅमेऱ्याच्या काचेवर आईचीच टिकली चिकटलेली सापडली. आता वडील त्याची सगळी पुस्तकं रद्दीत घालायला निघालेत. ‘निराश पुस्तकं वाचून पोरगं निराश झालंय का? परीक्षेपर्यंत तरी ती काढून घेऊ का? दोघांच्या मधे मी भरडली जातेय,’ असं त्या लिहितात.

ताई,

पुस्तकं रद्दीत जाऊ देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण तुमच्याकडे रद्दीवाला रविवारी येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी. तुम्ही पाठवलेल्या यादीत रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरेनहाइट ४५१’ आहे, १९५३ ची. तिच्यातले बंबवाले आग विझवत नाहीत, घराघरात शिरून पुस्तकं जाळतात. ती वाचलेल्या पोराची पुस्तकं बापानेच रद्दीत घातली, तर घरातल्या वादात मुलगा बिनविरोध निवडून येईल. शिवाय त्याच कादंबरीतला बंबवाल्यांचा प्रमुख सांगतो, की सुरुवात सरकारने केलीच नाही. लोकांनीच आधी वाचणं सोडलं, जाडी पुस्तकं बारीक करून मागितली, कुणाचं मन दुखावेल ते गाळून मागितलं. सरकार मागून आलं. बारावीच्या वर्षात सतरा वर्षांचं पोर कागदावर छापलेल्या कादंबऱ्या संपवतंय, याचं मला कौतुकच वाटतं. तुम्हाला ते आत्ता वाटणार नाही, हे समजू शकते.

आता तुमची खरी काळजी. मुलगा खचलाय का, याचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. रविवारी सकाळी फुटबॉलला जातो, जेवणावर तुटून पडतो, मित्र आले की खोलीतून खिदळण्याचा आवाज येतो. खचलेलं मूल सहसा असं वागत नाही. ते आवडीची गोष्टच सोडून देतं, मित्रांचे फोन उचलत नाही, झोप आणि भूक बिघडते, ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून जातं. पहिल्या गोष्टींपैकी काही दिसलं आणि आठवडा-दोन आठवडे टिकलं, तर पुस्तकांचा विषय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. मरणाबिरणाचं बोलला तर तेवढंही थांबायचं नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे मी तुमच्यापेक्षा बाकीच्या पालकांसाठी लिहितेय. तुमचा मुलगा मला चिडलेला वाटतो. चिडलेल्या मुलाशी भांडता येतं, ही चांगली गोष्ट आहे.

रात्री दोनपर्यंतचं जागरण मात्र बंद. त्यात पुस्तकाचा दोष नाही. तो मॅच बघत जागला असता तरी मी हेच म्हटलं असतं.

अशा कादंबऱ्या म्हणजे उद्याची भाकितं, असा एक समज असतो. तुमच्या मुलाचाही तोच झालाय, म्हणून ‘मुंबई बुडणार’ हे त्याला फिजिक्स टाळायचं कारण वाटतं. (अभ्यास टाळायला पोरांना समुद्रही पुरतो.) पण हे लेखक ज्योतिषी नव्हते. त्यांनी डोळ्यांसमोरचं लिहिलं आणि तारीख पुढची टाकली. येवगेनी झाम्यातिन हा जहाजबांधणीतला रशियन इंजिनीअर. त्याची ‘वुई’ १९२०-२१ मधली. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि घरांच्या भिंती काचेच्या. पडदा ओढायचा तर परवाना लागतो, तोही ठरावीक वेळेपुरता. क्रांतीनंतरची नवी सत्ता कुठल्या दिशेला निघालीय, ते त्याला दिसत होतं. पुस्तक १९२४ मध्ये इंग्रजीत आलं. त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडावं लागलं. जॉर्ज ऑरवेल तर आपल्या बिहारमधल्या मोतीहारीला जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, तो बीबीसीत हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करायचा. प्रचार कसा शिजतो आणि सेन्सॉरची कात्री कशी चालते, हे त्याने आत बसून पाहिलं होतं. ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये आली. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) लिहिताना नियमच घालून घेतला होता, की माणसांनी कुठे ना कुठे आधीच करून ठेवलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही.

तेव्हा अशी पुस्तकं वाचणाऱ्याला सवय लागते ती आजूबाजूला बघायची. तुमच्या मुलाने सुरुवात लॉबीपासून केली, इतकंच. आपल्याला हे परकं वाटायचंही कारण नाही. १९७५ मध्ये आणीबाणीत अग्रलेखाच्या जागा कोऱ्या सोडलेली वर्तमानपत्रं निघाली होती. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी त्या सेन्सॉरशिपविरुद्ध जाहीर आवाज उठवला, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. तुमचे सासरे तुमच्याकडेच राहतात आणि त्या वेळी ते नोकरीत होते, असं पत्रावरून दिसतं. ऑरवेलच्या नायकाची, विन्स्टनची, नोकरीच मुळी जुन्या वर्तमानपत्रांत फेरफार करण्याची आहे. काल काय घडलं हे कुणालाच पक्कं आठवू नये, अशी त्या राजवटीची सगळी खटपट. विन्स्टन एका गुत्त्यात जाऊन एका म्हाताऱ्याला विचारत बसतो, की पूर्वी कसं होतं सांगा ना. आणि त्या म्हाताऱ्याला बिअरचं माप सोडून धड काही आठवत नाही. तुमच्या मुलाच्या आजोबांना नक्की जास्त आठवत असेल. त्याने एकदा त्यांच्यापाशी बसावं. आपला नातू गप्पा मारायला आला, एवढ्यानेही ते खूश होतील.

मग कॅमेरे. तुमचे मिस्टर म्हणतात, ‘आम्ही चाळीत वाढलो. दारं सताड उघडी असायची, सगळ्यांचं सगळ्यांना दिसायचं, तेव्हा नाही कुणी आरडाओरडा केला.’ मुद्दा बिनतोड वाटतो. पण गॅलरीत उभी राहून शेजारीण तुमच्या घरात डोकवायची, तेव्हा तीही तुम्हाला दिसायची. तिच्या घरी रात्री कशावरून भांडी आपटली, हे तुम्हालाही ठाऊक असायचं. कॅमेऱ्यामागे कोण बसलंय ते दिसत नाही, त्याने पाहिलेलं किती दिवस राहणार ते कळत नाही, आणि त्याच्या घरातलं आपल्याला काहीच माहीत नसतं. विन्स्टनला नेमकी हीच धास्ती. भिंतीवरच्या पडद्यातून आत्ता या क्षणी कुणी बघतंय की नाही, हे कळायचा मार्गच नाही, म्हणून चोवीस तास बघतायत असं धरून वागायचं. (चाळीचे गोडवे मी गाणार नाही. तिथली नजरही सुनांवर आणि वयात आलेल्या मुलींवर जास्त फिरायची. चाळीत वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा.)

आजींची चेन खेचली गेली, हेही खरं आहे. ज्यांच्या मानेवर ओरखडा उठला, त्यांना कादंबरी वाचून दाखवता येत नाही. सेक्रेटरीपद म्हणजे बिनपगारी शिव्या खाण्याचं काम. तुमच्या मिस्टरांनी ते निभावलं, लोकांनी मागितलं ते आणून दिलं. मुलाने त्यांना बिग ब्रदर म्हणणं हा पुस्तकावरही अन्याय आहे. त्या कादंबरीत बिग ब्रदर फक्त भिंतीवरच्या पोस्टरवर असतो. तो कुणाच्या घरी वरणभात जेवत नाही, आणि त्याला कुणी भर सभेत उलट बोलून परत घरी येऊ शकत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या हुशार मुलाच्याही नजरेतून सुटलीय. ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये पाळत कुणावर असते? सत्ताधारी पक्षाच्या नोकरदार लोकांवर. गरीब वस्तीत बहुतेकांच्या घरी तो पडदाच नाही, कारण सत्तेला त्यांची फिकीर नाही. आपल्या टॉवरांमध्ये हे उलटं झालंय. फ्लॅटमालकाची गाडी आली की दांडा आपोआप वर जातो. कामाला येणाऱ्या मावशींचा मात्र फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, आल्या-गेल्याची वेळ, आणि निघताना पिशवी उघडून दाखवायची. वर अ‍ॅपवर आपण त्यांना पाचपैकी तारे देणार. त्यांना आपल्या घराला तारे द्यायची सोय कुठल्या अ‍ॅपमध्ये मी पाहिलेली नाही. सभेत भाषण ठोकताना मुलाने आपल्या चेहऱ्याबद्दल बोललं, तुमच्या मावशींच्या चेहऱ्याबद्दल नाही.

आणि वॉचमनकाका. टिकली सापडली त्या रात्रीच्या वॉचमनचा एक दिवसाचा पगार एजन्सीच्या सुपरवायझरने कापला, असं तुम्ही कंसात लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. बंड मुलाने केलं, भुर्दंड वॉचमनला. मुलाला बापाची भीती वाटली नाही, कारण बाप फार तर दोन दिवस बोलायचा नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांत बंडखोराच्या धाडसाची झळ कुणाला लागते, हे नीट लक्ष देऊन वाचायला हवं. बरेचदा ती शेजारच्यालाच आधी लागते. तुमच्या मुलाला पगार कापल्याचं माहीत आहे का? नसेल तर आजच सांगा. ते पैसे त्याने स्वतःच्या पॉकेटमनीतून द्यायचे, आणि ‘टिकली मी लावली’ हे सुपरवायझरला समोर जाऊन सांगायचं. वडिलांनी सोबत जावं, पण बोलावं मुलाने. पुस्तकं काढून घेऊन जे साधणार नाही, ते या पाच मिनिटांत साधेल.

सर्व्हिस लिफ्टचाही तुम्ही उल्लेख केलाय. टॉवर झाल्यापासून कामवाल्या बायका आणि डिलिव्हरीवाले मागच्या लिफ्टने, बाकीचे पुढच्या. ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) माणसं बाटल्यांत वाढवली जातात, जन्माआधीच त्यांची प्रत ठरवून. सर्वांत वर अल्फा, तळाला एप्सिलॉन. ज्याला जे काम तेच आवडावं, असं झोपेत कानात सांगून घडवलेले. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यात एक एप्सिलॉन लिफ्टमन आहे. त्याचं सगळं आयुष्य वर आणि खाली. लिफ्ट गच्चीवर पोचते, दार उघडतं, ऊन आत येतं, आणि तो ‘गच्ची!’ म्हणून असा हरखतो, जणू झोपेतून जागा झालाय. तेवढ्यात घंटा वाजते, खाली जायचा हुकूम येतो, आणि तो पुन्हा विहिरीतल्या अंधारात. प्रसंग एवढासाच आहे. मला अख्ख्या पुस्तकातून तोच लक्षात राहिलाय. मुलाला विचारा, त्याला आठवतो का.

आता थोडं तुमच्याबद्दल. पत्र सगळं मुलाचं आहे, पण मधेच एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ‘मशीनचा फायदाही आहे, मी भिशीला गेले तरी ह्यांना ऑफिसात मेसेज जातो.’ सोसायटीकडे घराचा म्हणून एकच नंबर नोंदवलेला आहे, आणि तो त्यांचा. तुम्ही कधी बाहेर पडलात, कधी आलात, सगळं त्यांच्या फोनवर. ते कधी आले-गेले, हे तुम्हाला कळतं का? तुमच्या मिस्टरांचा यात काही वाईट हेतू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक त्यांनी तो मेसेज उघडूनही पाहिला नसेल. पण ‘हे सगळं तुम्हा बायकांच्याच सुरक्षेसाठी’ असं त्यांनी सभेत म्हटलं, तेव्हा तुम्हा बायकांना कुणी विचारलं होतं का?

‘द हँडमेड्स टेल’मध्ये एक सकाळ आहे. नायिका नेहमीच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. त्या एका दिवसात देशातल्या सगळ्या बायकांची खाती गोठवली गेलीत, नोकऱ्या गेल्यात. नवरा चांगला आहे, प्रेमळ आहे. तो तिला म्हणतो, मी तुझी काळजी घेईन. तिच्या मनात येतं, की याला हे इतकं काही वाईट वाटत नाहीये. पुस्तकात पुढे बरीच भयानक दृश्यं येतात, पण मला सर्वांत जास्त भीती या संवादाची वाटते, कारण हा मी पुष्कळ घरांत ऐकलाय. डिस्टोपियाची सुरुवात अशी घरगुती, काळजीच्या सुरातच होते. तुमचा मुलगा ‘वर’ बसलेला खलनायक शोधतोय. तुम्ही मुलाच्या डोक्यातला बिघाड शोधताय. मधल्यामधे तुमच्या घरात ज्या गोष्टीला कुणीच ‘हो’ म्हटलेलं नाही पण जी चालू आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

आणि सोय. या साहित्यातला सर्वांत खोल धागा मला सोयीचा वाटतो. दंडुका त्यामानाने सोपा विषय आहे. हक्सलीच्या जगात कुणाला मारझोड होत नाही. मन जरा खट्टू झालं की सोमाची गोळी घ्यायची. ब्रॅडबरींच्या नायकाची बायको भिंतभर टीव्हीवरच्या लोकांना ‘माझे कुटुंब’ म्हणते आणि झोपतानाही कानात शंखासारखे इवले रेडिओ घालून झोपते, हे १९५३ मध्ये लिहिलेलं. बिग ब्रदर या नावाचा कार्यक्रम १९९९ मध्ये हॉलंडच्या टीव्हीवर आला, त्याचंच आपलं रूप म्हणजे बिग बॉस. ऑरवेलने ज्या पाळतीला नरक म्हटलं, तिच्यात शिरायला आता लोक ऑडिशन देतात, आणि आपण जेवताना ते बघतो. मीही बघते.

तुम्हाला मी एकच गोष्ट वाचायला सांगेन, आणि ती कादंबरी नाही. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही लांब कथा, १९०९ ची. हे फॉर्स्टर पुढे १९२१ मध्ये देवासच्या पवारांच्या संस्थानात महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिले होते, म्हणजे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. कथेत माणसं जमिनीखाली, एकेकट्या खोल्यांत राहतात. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की संगीत, समोरच्या तबकडीवर जगातल्या कुणाचाही चेहरा. त्यात एक आई आहे, व्हाश्टी, आणि तिचा मुलगा, कुनो. मुलगा म्हणतो, आई, मला तुला भेटायचंय. ती म्हणते, अरे, दिसतोयस की मला. तो म्हणतो, यंत्रातून नको. तुम्ही लिहिलंय की मुलाला जेवायला बोलवायचं तर तुम्ही स्वयंपाकघरातून व्हॉट्सअ‍ॅप करता, कारण हाक मारली तर तो हेडफोनमुळे ऐकत नाही. एका दुपारी ही कथा वाचून होईल. इंग्रजी जड गेलं तर मुलाला मोठ्याने वाचून, मराठीत सांगायला सांगा. ती तुमची आणि त्याची चांगली संध्याकाळ होईल, आणि पुढच्या भांडणांना जरा वरची पातळी मिळेल.

‘शिकून काय उपयोग’ याला काय उत्तर द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. ‘असं बोलू नये’ हे उत्तर नव्हे. मुंबई बुडण्याची भीती हवेतली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुमचा मुलगा जन्मलाही नव्हता, पण तुम्ही दोघं होतात. त्या रात्री कुठे अडकलात, कुणी घरात घेतलं, हे त्याला कधी सांगितलंय? फक्त ते सांगताना ‘मुंबई स्पिरिट’वर येऊन थांबू नका. दर पुरानंतर, दर लोकल अपघातानंतर आपल्याला जी स्पिरिटची गोळी दिली जाते, ती मला सोमाच्याच कारखान्यातली वाटते. ती घेतली की नाले कुणी बुजवले हे विचारायचं राहून जातं. नाले, भराव, पावसाचे आकडे हे समजायला शिकावंच लागतं, आणि फिजिक्स नेमकं तिथे उपयोगी पडतं. मुलाला हा मुद्दा कळेल.

शिवाय त्याला हेही विचारा, की ‘नाइन्टीन एटी-फोर’चं परिशिष्ट वाचलंस का. बहुतेक लोक विन्स्टनचा पराभव झाला की पुस्तक मिटतात. त्यानंतर ऑरवेलने त्या राजवटीने बनवलेल्या भाषेवर एक कोरडा, अभ्यासू निबंध जोडलाय, आणि तो सगळा भूतकाळात लिहिलाय: ती भाषा अशी ‘होती’, तिचा हेतू असा ‘होता’. म्हणजे कुणीतरी पुढे, मोकळेपणी, ती राजवट संपल्यावर हे लिहितंय, असा अर्थ अनेक वाचक काढतात. अ‍ॅटवूडनेही आपली कादंबरी २१९५ सालच्या एका परिसंवादाने संपवली. तिथे प्राध्यापक मंडळी नायिकेच्या कहाणीवर शोधनिबंध वाचतायत आणि मधेमधे फालतू विनोद करतायत. प्राध्यापकांना फालतू विनोद करता येतायत, याचा अर्थ ती राजवट केव्हाच गेली. तुमच्या मुलाने निराशा पाठ केली आणि परिशिष्ट सोडलं, असं मला दाट वाटतं.

अशीच पत्रं आणखीही पालकांची येतात, त्यांच्यासाठी थोडंसं. बारा-तेराच्या मुलांना लोइस लाउरींची ‘द गिव्हर’ (१९९३) झेपते. ज्या गावात दुःख नाही, रंग नाहीत, आठवणी नाहीत, तिथल्या बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे ती. ऑरवेलचीच ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९४५) छोटी आहे, नववी-दहावीत चालते. ‘द हंगर गेम्स’ (२००८) मुलं तशीही वाचतात. तिच्यातली मारामारी बघून घाबरण्यापेक्षा, ती मारामारी टीव्हीवर बघणाऱ्या राजधानीतल्या लोकांबद्दल मुलांना बोलतं करा. ‘द हँडमेड्स टेल’मध्ये लैंगिक हिंसा आहे, सोळा-सतराच्या आधी नको, आणि नंतर वाचली तर घरातल्या कुणीतरी ती वाचलेली असावी. मुंबईतच घडणारं काही हवं असेल तर मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ हे १९९७ चं इंग्रजी नाटक मिळवा. एका खोलीच्या बिऱ्हाडातला बेकार तरुण परदेशी श्रीमंताला आपले अवयव द्यायचा करार करतो. बदल्यात घरात स्वच्छ संडास, चकचकीत वस्तू, भरपूर जेवण येतं, आणि छताला लटकणारं एक यंत्र, ज्यातून ती परदेशी बाई केव्हाही घरात डोकावू शकते. सासूबाई टीव्हीला चिकटतात. सौदा नाकारते ती सून. बारावीनंतरच्या सुट्टीत मुलाला द्या.

पुस्तकांना मार्कांचं बक्षीस किंवा शिक्षा करू नका. अकरा वाजता दिवा बंद, बाकी दिवसाचं त्याने ठरवावं, आणि प्रिलिमचे मार्क बघून पुन्हा बोलू, एवढा करार पुरे.

मिस्टरांशी बोलताना मुलाची बाजू मांडू नका. सेक्रेटरीला ज्याची उत्तरं द्यावीच लागतील असे प्रश्न मांडा. फुटेज किती दिवस ठेवतात? ते कोण बघू शकतं, आणि कुणी बघितलं याची नोंद असते का? चेहऱ्यांची माहिती सोसायटीकडे आहे की मशीन विकणाऱ्या कंपनीकडे? ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड किंवा रजिस्टरची सोय आहे का, आणि ती मावशींनाही आहे का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, की माहिती घेताना संमती मोकळी आणि नीट समजावून घेतलेली हवी, ती मागे घेता यायला हवी, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय, पण कमिटीने आत्ताच घडी बसवली तर उद्या धावपळ होणार नाही. हा युक्तिवाद सेक्रेटरींना पटतो. तो कादंबरीतला नाही, कामाचा आहे. ठरावाचा मसुदा मुलाकडून मराठीत लिहून घ्या. तो सभासद नाही, त्यामुळे सभेत त्याला बोलता येणार नाही, आणि मागच्या वेळी बोलला ते चुकलंच होतं. मांडायचा तो वडिलांनी, किंवा शेजारच्या कुणा सभासदाने.

आणि अ‍ॅपमध्ये घराच्या नावापुढे तुमचाही नंबर घालून घ्या, तुमच्या येण्या-जाण्याचे मेसेज तुम्हालाच येतील असं करून घ्या. त्यासाठी सभा भरायची वाट बघायला नको. सेक्रेटरी घरातच आहेत.